लंबक माथ्यावरून गेलाच कसा? : प्रकल्प नोंदी

कशासाठी: भाची नववीत आहे, ४ जानेवारीला तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन. एका बाजूला खरा लंबक, शेजारी लॅपटॉपवर त्याचाच जुळा. दोघांना एकाच क्षणी सोडायचं आणि पोरांनी बघायचं, कोण कधी फसतो. मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. बीएस्सीनंतर फिजिक्स सुटलं, स्प्रेडशीट मात्र सुटली नाही. दुसऱ्या कुणी हेच करायला घेतलं तर त्याच्या तरी संध्याकाळी वाचाव्यात, म्हणून लिहून ठेवतोय.

१ डिसेंबर २०२४, रविवार

आधी खरा लंबक. दोरीचा चालत नाही, कारण आडव्या रेषेच्या वर नेऊन सोडला की दोरी ढिली पडते. म्हणून ॲल्युमिनियमची नळी (१८० रुपये), दोन ६०८ नंबरची बेअरिंगं (४५ ला एक), आठ मिलिमीटरचा बोल्ट, नट-वायसर (६०). वजन फुकट मिळालं. आमच्याकडचे जॉबर (माग दुरुस्त करणारे), ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी भंगारात पडलेल्या जुन्या मागाचं, ताण्याला लटकवायचं लोखंडी वजन दिलं, आणि मधोमध भोकही पाडून दिलं. प्लायचा स्टँड ४०० रुपये.

बोल्टच्या मध्यापासून वजनाच्या मध्यापर्यंत बरोबर ६० सेंटिमीटर. नळी इतकी हलकी की तिचं वजन मी हिशेबात धरलेलं नाही.

पहिल्याच झोक्याला घोळ. बारा-तेरा हेलकाव्यांत लंबक थांबला. मला वाटलं स्टँड हलतोय. अण्णांनी बेअरिंग कानाशी धरून फिरवलं आणि म्हणाले, "ग्रीस गच्च हाय ओ आत. हे गाडीचं काम न्हाई, झोक्याचं हाय." टाचणीने दोन्ही बाजूंची रबरी झाकणं काढली, पेट्रोलमध्ये धुतलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला. आता पाच मिनिटांनीसुद्धा हलका हलतोय.

छोटे वीस हेलकावे मोजले, तीनदा. ३१.०, ३१.२, ३१.१ सेकंद. म्हणजे एकाला १.५५. सूत्राने ६० सेंटिमीटरला १.५५५ येतं. इथवर सगळं इतकं सरळ गेलं की मी बायकोला म्हटलं, आठवड्यात उरकतो.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी पाणी आलं, टाक्या भरण्यात सकाळ गेली. रात्री बसलो.

स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने: वेळ, कोन, वेग. गुरुत्व भागिले लांबी, ९.८ भागिले ०.६, म्हणजे १६.३३. पायरी, म्हणजे दर ओळीला वेळ किती पुढे सरकवायची ती, ठेवली पाव सेकंदाची. कारण काय, तर दोन हजार ओळींत पाचशे सेकंद बसतात आणि फोनवरही फाइल उघडते. एका हेलकाव्यात सहा बिंदू पडतात, तेवढे चित्राला पुरतील असं वाटलं. पुढचा सगळा पंधरवडा मी या एका "पुरतील"चं व्याज भरलंय.

सूत्र सरळ: नवा कोन = जुना कोन + जुना वेग × ०.२५. नवा वेग = जुना वेग − १६.३३ × साइन(जुना कोन) × ०.२५.

३० अंशांवरून सोडला. पाचव्या पायरीला तो दुसऱ्या बाजूला १२७ अंशांवर. नवव्या पायरीला, सव्वादोन सेकंदांत, माथ्यावरून पार. त्यापुढे गरगर. अण्णा दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाला आले तेव्हा आलेख उघडाच होता. "हे काय, फॅन लावलाय का?"

५ डिसेंबर

कारण लगेच सापडलं, कारण ही चूक जगात सगळ्यात आधी सगळे करतात. लंबक खाली येताना वेग वाढतोय, पण कोन पुढे सरकवताना मी शिळा वेग वापरतोय आणि वेग बदलताना शिळा कोन. प्रत्येक पायरीला थोडी फुकटची ऊर्जा जमा होते. छोट्या झोक्यात ती दर पायरीला (१ + १६.३३ × पायरीचा वर्ग) पट होते. माझ्या पायरीला हे २.०२ पट. दर पाव सेकंदाला ऊर्जा दुप्पट! असं व्याज कुठली पतपेढी देईल?

दुरुस्ती एका शब्दाची आहे. आधी नवा वेग काढायचा, मग कोन सरकवताना जुन्याऐवजी तो नवा वेग घ्यायचा. बाकी काही नाही. एका सूत्रातला एक सेल बदलला आणि फॅन थांबला. ३० अंशांचा झोका दोन हजार ओळी तसाच राहिला, ३० ते ३५ च्या मध्ये लुकलुकत.

एक गोष्ट खटकली होती आणि मी ती सोडून दिली, हे कबूल करतो. पडद्यावरचा लंबक खऱ्याच्या वीस हेलकाव्यांत जवळजवळ एकवीस मारत होता. पाचेक टक्के घाई. म्हटलं, बघू नंतर.

८ डिसेंबर, रविवार

आज मजा म्हणून पडद्यावरचा लंबक १७० अंशांवरून सोडला, जवळजवळ उभा. आणि काय सांगू! कधी डावीकडून माथा ओलांडतो, कधी दोनदा उजवीकडून, मग बराच वेळ नुसता झुलतो, पुन्हा अचानक उलटतो. कसलाही नेम नाही. १७० च्या जागी १७०.०१ टाकलं तर सुरुवातीला दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात आणि शंभर-दीडशे ओळींनंतर त्यांचा काही संबंधच उरत नाही.

लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाची गोष्ट मला पाठ होती. १९६१ साली त्याने हवामानाच्या गणितात ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ टाकलं आणि पुढचं सगळं हवामान बदललं. सुरुवातीत केसभर फरक आणि पुढे सगळंच वेगळं, यालाच केऑस म्हणतात. ही तर तीच लक्षणं. मी हरखलो. मित्रांच्या ग्रुपवर टाकलं: "सोलापुरात केऑस सापडला." तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. त्याच संध्याकाळी फ्लेक्सही छापून आणला, "लंबकाचा लहरीपणा", मधोमध तो वेडावाकडा आलेख. ३५० रुपये.

१० डिसेंबर, मंगळवार

भाची फ्लेक्स बघायला आली. तिने खरा लंबक हाताने १७० पर्यंत नेला, सोडला. पलीकडे गेला, माथ्याच्या खालीच थबकला, परत आला. तिने पुन्हा सोडला. पुन्हा तेच. सात-आठ वेळा.

"मामा, हा तर एकदाही वरून जात नाहीये."

मी म्हटलं, घर्षण आहे ना, म्हणून.

"पण घर्षण नसतं तरी कसा जाईल? जिथून सोडला त्याच्यापेक्षा वर कसा चढेल?"

मी गप्प. नववीच्या पुस्तकात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे, आणि मी ३५० रुपये देऊन त्याच्याविरुद्ध फ्लेक्स छापलाय. हातातून सोडलेला लंबक सुटला त्या उंचीच्या वर जाऊच शकत नाही. पडद्यावरचा जातोय म्हणजे पडद्यावरचा खोटं बोलतोय. यात केऑसचा प्रश्न नंतर येतो.

११ ते १३ डिसेंबर

तीन संध्याकाळी चुकीच्या दिशेने.

पहिली शंका दशांशांवर. सगळे रकाने बारा दशांशांपर्यंत दाखवायला लावले. अर्थात काहीच बदललं नाही. दाखवणं वेगळं, मोजणं वेगळं, हे मला हिशेबनीस असून सुचू नये.

दुसरी शंका: अंशांचं रेडियन करताना मी ३.१४ वापरलं होतं. तिथे पायचं फंक्शन टाकलं. आलेख पार बदलला! उडीच मारली, सापडलं म्हणून. दहा मिनिटांनी लक्षात आलं की इथे काहीही बदललं तरी आलेख पार बदलतो. आलेख बदलणं हा सुधारल्याचा पुरावा नाही. माथा ओलांडणं दोन्हींत होतंच.

शेवटी पहिल्या ओळी हाताने तपासल्या, कॅल्क्युलेटर घेऊन, एकेक. १७० वरून निघाला. पाचव्या पायरीला पलीकडे १३७. सहावीला १६५.४. सातवीला १७९.१. आठवीला १९१.८. म्हणजे पहिल्याच फेरीत, दोन सेकंदांत, माथ्यापलीकडे. सूत्रात एकही चूक नाही. तीनदा तपासलं. स्प्रेडशीट सांगितलेलं काम चोख करतेय.

घरी येताना सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वजांच्या सरावामुळे रस्ता बंद होता, अर्धा तास गाडीवर बसून होतो. तिथे पहिल्यांदा पायरीचा विचार डोक्यात आला. या कामातली सगळ्यात उपयोगी पडलेली ट्रॅफिक जॅम.

१४ डिसेंबर, शनिवार

पायरी अर्धी केली. ०.२५ ची ०.१२५. दुसरं काहीही नाही.

१७० वरून सोडला. पंधराव्या पायरीला पलीकडे १७०.३ अंशांवर थबकला. सोळावीला मागे फिरला. पुढे हजारो ओळी खाली गेलो, शेवटपर्यंत शहाण्या मुलासारखा ये-जा. एकदाही माथा नाही.

बसलो तसाच. एक आकडा अर्धा केला आणि "केऑस" गायब. खरा असता तर असा गेला नसता.

मग ०.०१ वर गेलो. १७० अंशांवरून पूर्ण फेरीला ३.७९ सेकंद. पुस्तकी हिशेबानेही घर्षण नसताना तेवढेच येतात. छोट्या झोक्यातली ती पाच टक्क्यांची घाईसुद्धा निघून गेली. तिच्याकडे ५ तारखेलाच नीट बघितलं असतं तर फ्लेक्सचे पैसे वाचले असते. वेळ चुकवणारी पायरी मोठी आहे, हे ती ओरडून सांगत होती.

१५ डिसेंबर, रविवार

कॉलेजातल्या आमच्या जुन्या सरांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "अरे, तू लंबक सोडवतच नव्हतास. तू नकळत चिरिकोव्हचा नकाशा काढलास."

थोडक्यात लिहितो, कारण माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा धक्का होता. आधी वेग, मग नव्या वेगाने कोन, ही जी माझी दुरुस्त केलेली सूत्रं आहेत, ती जशीच्या तशी एक प्रसिद्ध गणिती खेळणं आहेत. रशियन भौतिकशास्त्रज्ञ बोरिस चिरिकोव्ह यांनी १९७९ मध्ये त्यावर विस्ताराने लिहिलं. त्यात एकच आकडा चालतो, आणि माझ्या बाबतीत तो म्हणजे १६.३३ × पायरीचा वर्ग. जॉन ग्रीन यांनी त्याच वर्षी दाखवलं की हा आकडा सुमारे ०.९७ च्या पुढे गेला की केऑसचे वेगवेगळे पट्टे एकमेकांना जोडले जातात आणि शेवटचा बांध फुटतो. माझा आकडा: १६.३३ × ०.०६२५ = १.०२.

म्हणजे माझा केऑस खराच होता, फक्त तो लंबकाचा नव्हता. तो माझ्या पायरीचा होता.

पायरी अर्धी केली की हा आकडा पाव होतो, ०.२५५. माथ्याजवळ वेडाचा एक पट्टा तेव्हाही उरतो, पण सर म्हणाले तो नुसता अर्धा-पाव होत नाही, भयंकर वेगाने आक्रसतो. ०.०१ च्या पायरीला तो इतका बारीक की संगणकाच्या पंधरा-सोळा अंकांना दिसणारच नाही.

मी विचारलं, पण मग खऱ्या लंबकात अजिबातच नसतो? नाही. कोन आणि वेग या दोनच आकड्यांत ज्याची सगळी स्थिती मावते आणि ज्याला बाहेरून कुणी ढकलत नाही, त्यात केऑसला जागा नसते. त्याची वाट स्वतःला छेदू शकत नाही, मग गुंतणार कुठून? यामागे प्वाँकारे आणि बेंडिक्सन यांचं प्रमेय आहे. आणि जाता जाता सरांनी जखमेवरच्या मिठावर लिंबू पिळलं: ज्या लॉरेन्झच्या जोरावर मी ग्रुपवर मिरवलो, त्यानेच १९८९ मध्ये मोठ्या पायरीतून उपजणाऱ्या खोट्या केऑसवर लेख लिहिलाय.

ग्रुपवर खुलासा टाकला. तीन अंगठे, एक "फ्लेक्सचं काय केलंस?"

१८ डिसेंबर

फ्लेक्स उलटा करून मागच्या पांढऱ्या बाजूवर हाताने लिहायचं ठरलं होतं. मार्कर पसरला. दुसरा छापला, आणखी ३५०. शीर्षक भाचीने दिलं: "हा लंबक खोटं बोलतो. पकडा." त्यावर दोन आलेख शेजारी-शेजारी, पाव सेकंद आणि त्याच्या निम्मं.

तिला आणखी एक उदाहरण हवं होतं, पोरांना कॅल्क्युलेटरवर करता येईल असं. तलाव भरणारी जलपर्णी घेतली. भरलेला भाग क्ष, वाढ = क्ष × (१ − क्ष). खऱ्या हिशेबाने ती आधी भराभर वाढते, मग तलाव भरत आला की मंदावते आणि १ वर टेकते. याहून साधं काही नसेल. आता पायरी ०.५ घ्या, छान लपेटदार रेघ येते. २.२ घ्या, जलपर्णी दोन आकड्यांत उड्या मारते, एक वर्ष भरगच्च एक वर्ष विरळ असल्यासारखी. २.७ घ्या, कसलाच नेम नाही, आणि मध्येच तलावापेक्षा जास्त जलपर्णी. भाचीच्या दोन मैत्रिणींनी हे वहीत वीस ओळी करून बघितलं. लंबकापेक्षा हेच त्यांना जास्त आवडलं, माझा सगळा लोखंडी पसारा बघून सुद्धा.

२१ आणि २२ डिसेंबर

स्प्रेडशीटमधून आता पडद्यावर हलणारं चित्र. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट. इथे तोच रोग दुसऱ्या दाराने आला.

मी पायरी म्हणून दोन फ्रेममधला खरा वेळ घेतला होता. लॅपटॉप मोकळा असताना फ्रेम झपझप येतात, पायरी आपोआप लहान. भारी वाटलं. रविवारी दुपारी वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, फ्रेम मंदावल्या आणि त्याच वेळी माझ्याकडून दुसरी टॅब उघडली गेली. परत आलो तेव्हा लंबक गरगर फिरत होता. टॅब झाकलेली असताना ब्राउझर चित्र काढणं थांबवतो; परतल्यावर पहिली पायरी चक्क काही सेकंदांची.

याचं वाईट म्हणजे ते पुन्हा जसंच्या तसं घडत नाही. स्प्रेडशीटचं खोटं तरी दरवेळी सारखं असायचं. इथे लॅपटॉपच्या मूडवर.

उपाय: पायरी कायम ०.०१, चित्र कधीही काढलं जावो. गेलेला वेळ एका डब्यात साठवायचा, त्यातून ०.०१ चे जेवढे तुकडे निघतील तेवढ्या पायऱ्या टाकायच्या, उरलेला वेळ पुढच्या फ्रेमला. आणि डब्यात पाव सेकंदाहून जास्त कधी साठू द्यायचं नाही, बाकीचं सांडून टाकायचं. दहा ओळींचं काम. दोन दिवस गेले, त्यातला दीड दिवस कारण शोधण्यात.

वर कोपऱ्यात ऊर्जेचा आकडा सतत दाखवत ठेवला. घर्षण बंद असताना तो हलला की समजायचं, काहीतरी शिजतंय. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

२८ डिसेंबर

अण्णांनी दोन बेअरिंगं आणखी दिली (पैसे घेतले नाहीत) आणि म्हणाले, याच्या खाली अजून एक लावा की. जोडलंबक. यात केऑस खरा असतो, म्हणून सोबत तुलनेला ठेवायचं ठरवलं. समीकरणात एका वजाबाकीच्या चिन्हाने दोन रात्री खाल्ल्या. इथे मी चार टप्प्यांची रुंगे-कुट्टा पद्धत वापरली, म्हणजे एकेका पायरीत चारदा हिशेब करणारी, जास्त अचूक.

मग तीच कसोटी. पायरी ०.०१, ०.००५, ०.००२५. सुरुवातीला तिन्ही एकत्र, मग प्रत्येकाची वाट वेगळी. पण उलट्या मारणं तिन्हींत चालूच. ऊर्जा जागच्या जागी. लाकडी स्टँडवरचा खरा जोडलंबकसुद्धा दोनदा सारखा सोडला तर दोनदा वेगळा नाचतो. पायरी कितीही कापा, हा वेडेपणा जात नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

प्रदर्शन झालं. बक्षीस नाही, पहिलं बक्षीस ठिबक सिंचनाला. पोरांची गर्दी मात्र आमच्याकडे, कारण लोखंडी वजन हाताने उचलून सोडायला मिळत होतं. एका परीक्षकांनी मोठ्या पायरीचा आलेख बघून "हा बटरफ्लाय इफेक्ट ना?" असं, म्हणजे खरा केऑस समजून, विचारलं. भाचीने त्यांच्या हातात माउस दिला आणि म्हणाली, "सर, पायरी अर्धी करून बघा."

एकूण खर्च १,४३० रुपये, त्यातला जवळजवळ निम्मा, ७०० रुपये, फ्लेक्स. किती संध्याकाळी गेल्या, ते मोजलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहतायत. भाचीला होडीचा मोठा झोका बघायचा होता. रिकामी होडी चाचणीला हलत होती. ती फोनवर वेळ मोजत उभी. मग खाली वाकून बघायला लागली. होडीच्या पोटाशी एक टायर फिरत होता, दर फेरीला होडीला ढकलत.

"मामा, याला तर बाहेरून ढकलतायत. मग याच्यात दोन आकडे पुरतील?"

"नाही पुरणार. टायर कुठल्या घडीला ढकलतोय हा तिसरा."

"म्हणजे याच्यात खरा येऊ शकतो?"

पाळणेवाल्याने दोरीच्या मागे व्हा म्हणून हाळी दिली. घरी येऊन स्प्रेडशीट उघडली. या वेळी पायरी ०.०१ पासून.